सुतकात नळाला हात लावू नये

अनसूया भरलेला हंडा कमरेवर घेऊन गल्ली ओलांडत होती आणि मी आमच्या चाळीच्या जिन्यात उभी होते. हंडा काठोकाठ होता म्हणून ती हळू चालत होती. भरला हंडा कमरेवर असला की बाई एका अंगाला कलते, दुसरा हात लांब धरते आणि पाय जपून टाकते. पळता येत नाही. गल्लीच्या टोकाकडून दगड आले, नाक्यावर उभ्या असलेल्या पोलिसांच्या गाडीकडून आवाज झाला आणि ती बसली. पडली नाही. आधी बसली, दमलेलं माणूस बसतं तशी. हंडा मांडीवरून घरंगळला आणि मग ती आडवी झाली. पाणी माझ्याकडे आलं, कारण रस्त्याचा उतार आमच्या चाळीकडे होता.

सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन होतं. दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या होत्या. मला काही दिसलं नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

लालबागच्या आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर झाला आहे. तिथल्या मंडळाला स्मरणिका काढायची आहे. जुन्या भाडेकरूंकडून आठवणी मागवल्या आहेत. मला फोन केला त्या मुलीने सांगितलं, आजी, चाळीतली एकी लिहा, गणपती लिहा, एका घरातली आमटी दुसऱ्या घरात जायची ते लिहा. ते सगळं खरं आहे आणि ते दुसरे लिहितील. तुमच्यातले काही तिथंच टॉवरात राहिले, काही विरारला गेले, काही डोंबिवलीला. मी वडाळ्याला मुलीकडे आले. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. मला जे सांगायचं आहे तेवढं लिहिता येतं.

मी गाव सोडलं तेव्हा सतरा वर्षांची होते. लग्न होऊन महिना झाला होता. आई बंदरापर्यंत आली. मचवा हलला तेव्हा मी रडत होते आणि आई मला रडू नको असं म्हणाली नाही. ती म्हणाली, "थंय खोली आपली नाय हां. मंडळाची आसा. कोणाक उलट बोला नको." मुंबईत खोली असलेला जावई मिळाला म्हणून गावात तिचा मान वाढला होता. तो मान माझ्या तोंडामुळे जाऊ नये एवढीच तिला काळजी.

तिचं खरं होतं. चाळीतल्या बहुतेक खोल्या गावच्या मंडळाने घेतलेल्या होत्या. मंडळ म्हणजे आमच्याच गावची आणि आजूबाजूच्या वाड्यांची गिरणीत कामाला लागलेली माणसं. आम्हाला खोली मिळाली ती मंडळाने दिली म्हणून. मंडळाने उद्या दुसऱ्याला दिली असती तर आम्ही कुणाकडे जाऊन दाद मागणार होतो?

मंडळाची कमिटी होती आणि कमिटीचे नियम होते. तळमजल्यावर जिन्याशेजारी काळ्या फळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले. खडूने नव्हे, रंगाने, म्हणजे पुसायचा प्रश्नच नाही. रस्त्याच्या बाजूच्या कठड्यावर बायकांचे कपडे वाळत घालू नयेत. मिरच्या रविवारीच कुटाव्यात. पाहुणा आठ दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास कमिटीस कळवावे. माझा भाऊ नोकरी शोधायला आला तेव्हा नवव्या दिवशी सकाळी सेक्रेटरी दारात उभे, पाहुण्यांची तब्येत कशी आहे विचारायला. भाऊ दहाव्या दिवशी परत गेला. पुढे त्याला मुंबईत नोकरी मिळाली नाही ती नाहीच. एकदा मी गोधडी रस्त्याच्या बाजूला वाळत टाकली, तर संध्याकाळी तिची घडी करून कुणीतरी माझ्या उंबऱ्यावर ठेवली होती. कुणी ठेवली ते कुणी सांगितलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नळाचे नियम वेगळे. नळ मजल्याला एक. पाणी सकाळी तासभर. चाळीबाहेरच्या माणसाला नळावर येऊ द्यायचं नाही. आणि सर्वांत खाली लिहिलेलं, सुतक असलेल्या खोलीने दहा दिवस नळाला हात लावू नये, शेजारच्या दोन खोल्यांनी त्यांना पाणी द्यावे. शेजारणी तुमच्या भांड्यात वरून पाणी ओतायच्या, भांड्याला भांडं न लावता. गावात विहिरीवर तसंच होतं. त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. उलट दहा दिवस आयतं पाणी मिळतं असं वाटायचं.

सेक्रेटरी दाजी म्हणजे यजमानांच्या वाडीतले. वाईट माणूस नव्हता. कुणाला साप चावला, कुणाचा गिरणीत हात गेला तर पहिला धावणारा तोच. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात रोज जायचा. मराठी माणूस एक झाला पाहिजे म्हणून ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. घरी परत आला की खुणांनी बोलायचा.

समोरची चाळ अनसूयेची. मध्ये गल्ली, तीस पावलांची. त्या चाळीत सगळे तिच्याच समाजाचे. तेव्हा आमच्यातले लोक त्यांच्या जातीचं नाव घेऊन बोलायचे. साल छप्पन, त्याच वर्षाच्या शेवटी ती सगळी चाळ बौद्ध झाली. अनसूया तोवर गेलेली होती.

गिरणीत आम्ही वाइंडिंग खात्यात शेजारी शेजारी उभ्या राहायचो. सूत तुटलं की सांधायचं, रीळ भरलं की काढायचं. मला सुरुवातीला गाठ जमायची नाही. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, शिव्या द्यायचा. तिने माझा हात धरून शिकवलं. दुपारी माझ्या डब्यातली सुक्या बांगड्याची चटणी ती खायची, तिच्या डब्यातलं हिरव्या मिरचीचं पिठलं मी खायचे. एकाच माठातलं पाणी प्यायचो. संध्याकाळी गल्लीत पोचलो की ती तिच्या जिन्याने वर जायची, मी माझ्या. माझ्या खोलीत ती कधी आली नाही आणि तिच्यात मी गेले नाही. हे आम्ही दोघींनी कधी ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच पडली नाही.

ते दिवस कर्फ्यूचे होते. गिरण्या बंद. आमचे हे मोर्चात गेले आणि डोकं फुटून परत आले. लाठी होती की दगड, त्यांनाही सांगता येईना. दवाखाना बंद. मी लुगड्याची पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. आणि त्याच दिवशी तार आली की गावी सासूबाई वारल्या. तार आधी कमिटीच्या हातात पडली, मग माझ्या. म्हणजे सुतक लागलं ते चाळीला माझ्या आधी कळलं.

मंगल माझी मोठी मुलगी. तेव्हा चार महिन्यांची, अंगावर पिणारी.

नियमाप्रमाणे शेजारच्या दोन खोल्यांनी पाणी द्यायचं. डावीकडच्या खोलीतली माणसं दंगलीच्या भीतीने आधीच गावी गेलेली. उजवीकडे एकटी म्हातारी. तिचंच पाणी तिला भरवत नव्हतं. कर्फ्यूत पाणी यायचं ते पंधरा-वीस मिनिटं. फळ्यावर शेजारच्या दोन खोल्या असं लिहिलेलं होतं. तिसऱ्या खोलीचं नाव नव्हतं, म्हणून तिसरी खोली आली नाही. मी दाजीला सांगितलं. तो म्हणाला, "वैनी, उद्या सकाळी बघतो कुणालातरी." त्या उद्याच्या सकाळी त्याने बघितलं नाही. विसरला असेल. मुंबई मिळवायची गडबड होती.

दीड दिवस घरात पाणी नव्हतं. यजमानांच्या कपाळावरची पट्टी सुकून कडक झाली होती. मंगल ओढायची आणि दूध येत नसल्यामुळे रडायची. मी कोरडी भांडी गॅलरीत पालथी मांडून ठेवली होती. कुणाला दिसावीत म्हणूनच ठेवली होती. चाळीत कुणी बघितलं नाही. समोरून अनसूयेने बघितलं.

गल्ली अरुंद, बोललेलं ऐकू जायचं.

"शेवंते, भांडी पालथी का गं तुझी?"

मी म्हटलं, सुतक आहे.

"मग? सुतकात तहान लागत न्हाई व्हय?"

मी आत गेले. थोड्या वेळाने जिन्याखालून माझ्या नावाने हाक आली. ती हंडा डोक्यावर घेऊन गल्ली ओलांडून आली होती. तेव्हा गल्ली शांत होती. नाक्यावरच्या गाडीतल्या लोकांनी तिला येताना बघितलंच असणार. पाणी नेणारी बाई म्हणून सोडली असेल. मी कळशी घेऊन खाली उतरले. हे मी मुद्दाम लिहिते. मी कळशी घेऊन उतरले होते.

तिने हंडा खाली पायरीवर टेकवला होता. धाप लागली होती तिला. म्हणाली, "वत लवकर नि हंडा मोकळा कर. मला उलटं पळायचंय."

वरच्या गॅलरीत माणसं जमली. दाजी जिन्याच्या वरच्या टोकाला आला. त्याचा आवाज बसलेला होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला.

"वैनी, हात लावू नका. सुतक आहे, आणि वर ते पाणी कुठनं आलंय ते दिसतंय सगळ्यांना. मंडळात उत्तर मला द्यावं लागणार. खोली मंडळाची आहे."

अनसूया वर बघून हसली. "दाजी, मुंबई मिळू द्या. मग ह्या नळावर बी मोर्चा आणते मी."

दोघं-तिघं हसले. दाजी हसला नाही. ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू बोल."

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय होतं ते मला नीट आठवतं. खोली गेली तर तापातला माणूस आणि तान्ही पोर घेऊन कर्फ्यूत कुठे जायचं, हे होतं. आईचं बोलणं होतं. आणि एक गोष्ट आणखी होती, ती मी कुणाला सांगितली नाही. सगळी चाळ बघत असताना तिच्या हंड्यातलं पाणी घ्यायची मला लाज वाटली. गिरणीत रोज प्यायचे. इथं लाज वाटली.

मी म्हटलं, "नको. आहे आमच्याकडं पाणी."

"आरशात ओठ बघ जा तुझं," ती म्हणाली. रागाने नाही.

भरला हंडा डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. कुठल्याही पाणवठ्यावर अनोळखी बाईसुद्धा तेवढा हात देते. तिने हंड्याच्या काठाला हात घातला आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. मी कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिले. मग तिने एकटीने हंडा उचलून कमरेवर घेतला. थोडं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं.

ते पाणी मोरीत ओत आणि पळ, असं मी तिला म्हणू शकले असते. तिलाही ते सुचू शकलं असतं. पण रांगेत उभं राहून भरलेलं पाणी टाकून द्यायचं हे आम्हा दोघींच्या हातांना माहीतच नव्हतं. ते दोन्ही चाळींत कुणालाच सुचलं नसतं. सुतकाचा नियम दाजीचा होता, ही चूक आमच्या दोघींची. ती गल्लीत उतरली आणि पुढचं मी वर लिहिलं आहे.

तिच्या चाळीतली माणसं पांढरी फडकी हलवत बाहेर आली आणि तिला उचलून घेऊन गेली. आमच्या चाळीतून कुणी उतरलं नाही. मी पायऱ्या चढून वर आले. कळशी रिकामी होती.

त्याच संध्याकाळी कमिटी बसली. कर्फ्यू असेपर्यंत सुतकाचा नियम लागू नाही असा ठराव झाला. दहा मिनिटंही लागली नाहीत. दाजी स्वतः दोन बादल्या पाणी घेऊन आला आणि माझ्या पिंपात ओतून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. मी ते पाणी वापरलं. यजमानांचं कपाळ धुतलं, आधी मी प्यायले, मग मंगलला पाजलं. दुसरं काय करणार होते? मध्यरात्रीपर्यंत यजमानांचा ताप उतरला. फळ्यावर मात्र तो नियम तसाच राहिला, कारण रंगाने लिहिलेला होता.

अनसूयेच्या मातीला मी गेले नाही. सुतक आहे असं कारण मी स्वतःलाच दिलं. ते कारण मागायला कुणी आलं नाही.

गिरण्या सुरू झाल्या तेव्हा गेटवर अनसूयेची आई उभी होती. अनसूयेची नवऱ्याशी फारकत झालेली, मूल नव्हतं, मायलेकीच राहायच्या. म्हातारीला मी दुरून ओळखत होते, बोलले कधी नव्हते. ती सरळ माझ्याकडे आली.

"ती तुझ्याकडंच आली हुती न्हवं? पाणी घेतलंस का गं बाय तिचं?"

मी म्हटलं, "हो. घेतलं."

मला वाटलं तिला बरं वाटेल. लेक कामाला आली असं वाटेल. म्हातारीने विचारलं,

"मग रस्ता वला कसा झाला?"

विचारून ती चालू लागली. गिरणीचा भोंगा झाला आणि मी आत गेले. माझ्या शेजारच्या जागेवर नवीन बाई उभी होती. तिलाही गाठ जमत नव्हती. मी शिकवली नाही.

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीत प्रत्येक खोलीपुढे पणत्या लावायच्या असा कमिटीचा नियम झाला. मीही लावल्या. गॅलरीतून समोर बघितलं, तर त्या चाळीतही पणत्या होत्या. अनसूयेच्या खोलीत दुसरे भाडेकरू आले होते. त्या दिवसांत जे गेले त्यांच्या नावांच्या याद्या पुढे ठिकठिकाणी लागल्या. मी वाचता येतात तेवढ्या वाचल्या. तिचं नाव मला कुठे दिसलं नाही. ती मोर्चात नव्हती.

चाळीत मी त्यानंतर खूप वर्षं राहिले. नळ खोलीत आला. दाजी म्हातारा झाला. त्याच्या शेवटच्या आजारात मी त्याला पेज नेऊन द्यायचे. एकदा तो म्हणाला, "वैनी, मी नियम सांगितला, तुम्ही घेतलं असतं तर मी काय करणार होतो?" मी पेज ठेवली आणि आले. तो खोटं बोलत नव्हता. बहुतेक त्याने काहीच केलं नसतं. चार दिवस कुरकुर झाली असती, एखादी बैठक झाली असती, मी माफी मागितली असती. खोली राहिली असती. हे मला तेव्हा कळलं असतं तर, असं मी म्हणत नाही. तेव्हाही थोडं कळत होतं.

अनसूया मला दिसते का असं मंगल विचारते. भुतासारखी दिसत नाही. पण माझ्यासमोर कुणी भरली बादली घेऊन चालू लागलं की माझ्या पाठीत काहीतरी ताठ होतं आणि आवाज व्हायची मी वाट बघते. बादली खाली ठेवली जाईपर्यंत मला बोलता येत नाही. आमच्या घरात भांडं काठोकाठ भरायचं नाही. मुलाचं लग्न होऊन सून नवीन आली तेव्हा तिला वाटलं सासू पाण्याची कंजूष आहे. मी तसंच वाटू दिलं.

वडाळ्याची ही सोसायटी मोठी आहे. पाणी चोवीस तास. कमिटी इथंही आहे. फळ्याच्या जागी काचेची पेटी आणि तिच्यात टाइप केलेले कागद. बाल्कनीत कपडे दिसता कामा नयेत. पाहुण्यांची नोंद गेटवर करावी. मागच्या वर्षी नवीन कागद लागला, घरकाम करणाऱ्या बायकांनी मागची लिफ्ट वापरावी. मी खाली जाऊन सेक्रेटरीला विचारलं, का? चांगला मुलगा आहे, मला वाकून नमस्कार करतो. म्हणाला, "आजी, सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना." सगळ्यांनी मिळूनच ठरवलेलं असतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईबरोबर मी आता मागच्या लिफ्टने येते-जाते. त्याने तिचं काही भलं होत नाही. तिला उलट अवघडल्यासारखं होतं. पण पुढच्या लिफ्टमध्ये माझा जीव गुदमरतो.

फोनवरच्या मुलीने सांगितलं होतं की शेवटी, घर म्हणजे काय वाटतं ते लिहा. गाव सोडताना मी रडले होते. गावात आता आमचं दार भावाच्या नातवाच्या ताब्यात आहे आणि मला तिथं चहा मिळतो. चाळ सोडताना रडले नाही. चाळीत मला सगळे ओळखत होते, याला लोक घर म्हणतात. पण त्यांनी मला त्या जिन्यात बघितलेलं होतं. मी कितीही डाळ-तांदूळ दिले, कुणाची बाळंतपणं केली, तरी बघितलेलं होतं. त्यांनी बोलून दाखवलं नाही, कारण तेही तिथंच उभे होते. आम्ही सगळे एकमेकांना सांभाळून राहिलो. ती एकी तुम्हाला स्मरणिकेत हवी असेल तर ती ही. ते लोक आता एकेक करून गेले. आता त्या गल्लीत मला ओळखणारं कुणी नाही, म्हणून जावंसं वाटतं. पण जायला तिथं गल्लीही नाही. गाड्या लावायची जागा झाली आहे.

हे छापायचं नसेल तर छापू नका. पण काटछाट करून गणपतीचं तेवढं घेऊ नका, मी गणपतीचं काही लिहिलेलं नाही.

त्या दिवशी आमच्या गल्लीत एकच माणूस गेलं. आमच्या चाळीतलं कुणी गेलं नाही. यजमान त्यानंतर एकतीस वर्षं जगले. दाजी नव्वदीला गेला. मंगल आज स्वतः आजी आहे. अनसूयेची आई कुठे गेली ते मला माहीत नाही, मी चौकशी केली नाही. मी जगले. अजून आहे.